मोकळ्यात या

आमचे फोरमन भूकंप ओळखायचे, तोही चहा न सांडता. कोयनानगरच्या त्यांच्या घरात फळीवरचे डबे वाजायला लागले की आम्ही पाहुणे दचकून उभे राहायचो आणि ते शांतपणे कप उचलून हातात धरायचे. डबे थांबले की कप बशीत ठेवून म्हणायचे, "तीनच्या आत हाय. बसा." दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा यायचा, तो बहुतेक त्यांच्या आकड्याच्या जवळपास असायचा. नसला तर पेपरवाल्यांचं चुकलेलं असायचं.

त्यांचे वडील माणदेशातली मेंढरं विकून धरणाच्या कामावर आले. हे प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. पक्ष्यांचं वेड कुठून लागलं असं विचारलं की म्हणायचे, "कळपावर नजर ठिवायची खोड रगतात हाय. मेंढरं ऱ्हायली न्हाईत, मग पाखरं." मी उंब्रजच्या शाळेत भूगोल शिकवते. ऑफ तासाला नकाशे गुंडाळत बसणाऱ्या बाईला पहाटेच्या एसटीनं कोयनेच्या रानात ओढून नेलं ते यांनी, आणि वीस वर्षं नेलं. आज जिना चढताना माझे गुडघे कुरकुरतात, त्याचं निम्मं श्रेय त्यांचं आहे.

शिकवायची त्यांची एक रीत होती. "पाखरू हुडकायचं न्हाई, बाई. झाड बगायचं. झाडात जे झाडाचं न्हाई, ते पाखरू." मी वर्षभर झाडं बघितली आणि मला फक्त झाडंच दिसली. मग कोयनेजवळच्या नवज्याच्या रानात एका सकाळी एक फांदी उगीचच जाड वाटली. बघता बघता ती उडाली. धनेश होता. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. फोरमननी शाबासकी वगैरे काही दिली नाही. म्हणाले, "आता दुसरं झाड."

तसे ते कडक होते, पण त्यांच्याबरोबर फिरण्यात एक सुख होतं, आणि ते मी प्रामाणिकपणे सांगते. डोकं घरी ठेवून जाता यायचं. शाळा, तपासायचे गठ्ठे, सासूबाईंची औषधं, सगळ्याचा विचार मी करायचे. रानात मात्र फोरमन थांबले की थांबायचं, चालले की चालायचं. आमच्या पक्षी बघणाऱ्या गटातल्या सगळ्यांचंच तसं झालं होतं. वाट कुठली, पाणी कुठं, परत कधी फिरायचं, कुणी विचारायचंसुद्धा नाही. थकलेल्या माणसाला असा पुढे चालणारा कुणी मिळाला की तो सोडवत नाही.

त्यांचा एक शब्द आमच्यात चेष्टेचा झाला होता. मोकळ्यात. कुठल्याही लॉजवर किंवा विश्रामगृहात पोचलं की ते सामान ठेवण्याआधी चक्कर मारून मोकळी जागा कुठे आहे ते बघून यायचे. "काय हाललं तर भिताडापास्नं लांब. मोकळ्यात यायचं. कळलं?" सांगलीत आमच्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात ते कार्यालयाच्या दाराशी उभे राहून जेवले. आम्ही हसलो. पण कोयनेच्या मोठ्या भूकंपात ते पाच-सहा वर्षांचे होते. वडिलांनी "मोकळ्यात या" असं ओरडत त्यांना काखोटीला मारून अंगणात आणलं, आणि मागे घराची भिंत आत पडली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बूट बांधता बांधता.

अंदमानला जायचं चार वर्षं ठरत होतं. शेवटी फोरमन आणि आम्ही सहाजण गेलो, सगळे पन्नाशीच्या पुढचे. मी खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन दिवसांतच मी कंटाळले. घाम वाळतच नव्हता. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरायची, पाय चिखलातून उपसून काढावा लागायचा, आणि पक्षी शेंडा दिसणार नाही अशा उंच झाडांवर. फोरमनही दमले होते, पण कबूल करायचे नाहीत. एवढंच म्हणाले, "सगळंच हिरवं. नजर ठिवायला जागाच न्हाई गड्या." तिसऱ्या दिवशी त्यांनी ज्याच्यासाठी चार वर्षं काढली तो अंदमानचा काळा सुतार दिसला. पंधरा मिनिटं एका वाळक्या खोडावर ठकठक करत होता. फोरमन दुर्बीण खाली न घेता बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आता मेलो तरी चालतंय."

चौथ्या दिवशी सकाळी एका लहानशा बेटावर, किनाऱ्यालगतच्या गावात, एका बाईच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. एकाएकी बाक सरकला. बरणीतली बिस्किटं खडखडली, नारळाची झाडं वारा नसताना हलायला लागली. थांबेचना. फोरमन कप टाकून उठले. मी त्यांना कप टाकताना तेव्हाच पाहिलं. "मोठा हाय! मोकळ्यात या! मोकळ्यात!" ते ओरडले आणि पळाले. त्यांच्यामागे आम्ही सहाजण. त्या गावात मोकळी जागा एकच होती. समुद्रकिनारा.

वाळूवर पोचलो तेव्हा जमीन थांबली होती. फोरमन माणसं मोजत होते. मागून आरडाओरडा ऐकू आला म्हणून वळलो, तर सगळं गाव उलट्या दिशेनं टेकडीकडे पळत होतं. आणि टपरीवाली बाई एकटीच आमच्याकडे, समुद्राकडे धावत येत होती. "उधर नहीं! ऊपर! ऊपर चलो!" तिनं फोरमनची बाही धरली आणि अक्षरशः ओढलं. मग आम्हाला उमगलं. टेकडी कशी चढलो ते आठवत नाही. दोन तास सगळ्या गावाबरोबर वर बसलो. समुद्र जागचा हलला नाही. त्या बाईचा नवरा आणि दीर त्सुनामीत गेले होते, हे तिच्या शेजारणीनं सांगितलं. तरी ती आमच्यासाठी खाली आली होती. फोरमननी तिच्या पायाला हात लावला. ती मागे सरकली आणि पदरानं घाम पुसत राहिली.

परत आल्यावर महिनाभरात फोरमन आमच्या प्रत्येकाच्या घरी गेले. मलकापूर, कराड, इस्लामपूर, सांगली. एसटीनं, एकेक दिवस काढून. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. माझ्याकडे ते शेवटी आले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, मी तुमास्नी दर्याच्या तोंडात नेऊन उभं केलं. माफी मागाय आलोय."

"अहो, काही झालं का? सगळे सुखरूप आहोत की."

"झालं न्हाई ही दर्याची मेहरबानी. त्यात माझं काय हाय?"

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. इतरांना हसणं परवडलं, मला परवडत नव्हतं. किनाऱ्यावर मोठा धक्का बसला की उंचावर पळायचं, हे मी नववीच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. फळ्यावर आकृती काढून. त्या सकाळी बाक हलला आणि मी काही आठवायच्या आतच त्यांच्या पाठीकडे बघून पळाले. आणि हा म्हातारा सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन दारोदार फिरत होता.

बाहेर येऊन मी ते सांगून टाकलं. "मला माहीत होतं, फोरमन. मी शिकवते ते."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. "मग बोलला का न्हाईसा?"

"तुम्ही पुढं होता ना."

ते रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. चहा पूर्ण प्यायले, कप स्वतः आत नेऊन ठेवला, आणि गेले.

पुढे त्यांनी कुणालाच रानात नेलं नाही. दोन वर्षांनी ते वारलेच. त्या दोन वर्षांत मी कितीतरी वेळा फोन केला, नवज्याला तरी जाऊ म्हणून गळ घातली. दर वेळी एकच उत्तर, अगदी मायेनं, "तुमी जावा की बाई. तुमास्नी समदं ठावं हाय." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला जरा हलकं वाटलं असतं.