केसरचा हिरवा चुडा

रेवदंड्याच्या निकेशने जावा ही संगणकाची भाषा स्वतःच शिकून मच्छीमार सोसायटीसाठी प्रोग्राम लिहिला. बोटीचं नाव टाकलं की सर्व्हर तिच्यावरच्या यंत्राचा रेफरन्स, म्हणजे नुसता संपर्काचा पत्ता देतो, मग त्या यंत्राला जागा विचारायची.

वादळात बाप तुळशीराम परतला नाही. निकेशने बोटीचं नाव टाकलं, रेफरन्स आला आणि तो ओरडलाच, "आये, बाबा सापडला!" त्याची आई केसर ओवाळायचं ताट घेऊन बंदरावर धावली. मग त्याने जागा विचारली. उत्तर आलं नाही. रेफरन्स आला होता तो बोट निघताना सर्व्हरवर झालेल्या नोंदीतून; बोट आता आहे की नाही, ते त्यातून कळत नव्हतं.

वर्ष झालं. सोसायटी म्हणते, सर्व्हरवरून बोटीचं नाव काढ. केसरचा चुडा अजून हातात. "तूच बोललास ना सापडला? मंग काढून तर बघ नाव!"

निकेश रोज नाव टाकतो. रेफरन्स लगेच येतो. जागा तो विचारत नाही.