पार्किंगमध्ये पळणारा माणूस

आमच्या इमारतीत सहा मजले आणि एक लिफ्ट आहे. लिफ्ट ठणठणीत चालू असताना जो माणूस पाठीला पिशवी लावून जिन्याने वर जातो, खाली येतो आणि पुन्हा वर जातो, त्याच्याबद्दल शेजारणीने काय समजावं? मी वाईटच समजले. चांगलं समजायला वेळ लागतो आणि माझ्या गॅसवर दूध होतं.

हा माणूस म्हणजे आमच्या समोरच्या दारातले उमाकांत सरपोतदार. वय एकावन्न, मूळ देवरुखचे. आखातातल्या अल-खोबरच्या या घरात बावीस वर्षं राहतात आणि रोज बसने रास तनुराच्या रिफायनरीत जातात. तिथे पाइपांची जाडी मोजतात. कुठला पाइप आतून किती झिजलाय हे बाहेरून यंत्र लावून सांगायचं, हे त्यांचं काम. माझं काम साधारण तेच, फक्त यंत्र लागत नाही.

त्यांची बायको सुनीती इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. माझे मिस्टर अली यांचं गाड्यांच्या पार्टांचं दुकान आहे. आम्हीही तिकडचेच, माझी नणंद मासूमा देवरुखच्या बाजारपेठेत, सरपोतदारांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. त्यामुळे आमचा घरोबा पक्का.

जिन्याचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण ऑगस्टमध्ये त्यांनी माझं पार्सल नाकारलं.

इथे राहणाऱ्याला यातला धक्का सांगावा लागत नाही, बाकीच्यांना सांगते. रजेवर गावी जाणाऱ्याच्या सामानात पाच किलो शेजाऱ्यांचे असतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण इकामा, म्हणजे इथलं रहिवासाचं ओळखपत्र, घरी विसरणारा माणूससुद्धा हे विसरत नाही. उमाकांतभाऊ दरवर्षी गणपतीला जातात आणि दरवर्षी मासूमाकडे माझे खजूर पोचवतात. यंदा मी खजुरांची पिशवी घेऊन गेले तर ते म्हणाले, "भाभी, या वर्षी नाही जात. प्लँटचा शटडाऊन लागलाय, दुरुस्तीच्या कामात रजा नाही मिळत." आणि हे बोलताना ते माझ्या चपलांकडे बघत होते.

"शटडाऊन असेल," अली म्हणाले.

"मग पासपोर्टवर व्हिसा कशाला लावून आणला? सुनीती फोनवर बोलत होती, मी ऐकलं."

"तू दाराला कान लावून होतीस?"

"दार माझ्या कानाजवळ होतं."

त्याच आठवड्यात अली पहाटे दुकानाचा माल घ्यायला निघाले आणि येऊन म्हणाले, "तुझा उमाकांत मॉलच्या पार्किंगमध्ये पळतोय." दुकानं उघडायच्या आधी, पाच मजली पार्किंगच्या त्या गोल रॅम्पवरून वर आणि खाली. पठाण वॉचमनने त्यांना अडवलेलं.

"भाईजान, गाडी कहाँ है?"

"गाडी नहीं है।"

"गाडी नहीं है तो पार्किंग में क्यों आये?"

यावर बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या इन्स्पेक्टरने खिशातून इकामा काढून दिला, असं अली म्हणाले. वॉचमनने इकामा बघितला, उलटा करून बघितला आणि "यल्ला, जाओ" म्हणून सोडलं.

नोकरी गेली असावी, असा माझा पहिला अंदाज. दुसरा इथे लिहीत नाही, सुनीती वाचेल. पण मग जिन्यात एक कागद सापडला. त्यावर लांबच लांब वरखाली जाणारी वेडीवाकडी रेघ, खाली आकडे आणि लाल शाईने तीन जागी लिहिलेलं: 'इथे धोका'. मागच्या वर्षी अलींचा ईसीजी काढला तेव्हा अगदी असाच कागद यंत्रातून आला होता. कागद मी घरी आणून ठेवला. जिने चढणं, पहाटेचा व्यायाम, गावी न जाणं, सगळं जुळलं. बिचाऱ्याचं हृदय! आणि घरच्यांपासून लपवतोय!

मी फक्त मासूमाला सांगितलं. "आपल्यातच ठेव," असंही म्हटलं. मासूमा माझ्या नवऱ्याची बहीण असली तरी स्वभावाने माझी आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात उमाकांतभाऊ, हातात फोन, मागे सुनीती.

"भाभी, मला काय झालंय?"

"म्हणजे?"

"देवरुखात सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही. आई रडतेय. दादा म्हणतो, शटडाऊनच्या थापा मारून दुखणं लपवतोस, मुकाट्याने घरी ये. मुंबईचा डॉक्टर ठरवलाय त्याने. परवाचं विमान बघतोय."

मी कागद आणून पुढे केला. "हे तुमचंच ना? खोटं बोलू नका."

त्यांनी कागद बघितला. मग माझ्याकडे. "भाभी, हा सिएनाच्या दक्षिणेचा रस्ता आहे. इटलीतला. हा चढ, हा उतार."

"आणि धोका?"

"गुडघ्याला."

मग ते घरून आणखी सहा कागद घेऊन आले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर अंथरले. सात दिवस, सात वाटा. या गावातून निघायचं आणि टेकड्या ओलांडत पुढच्या गावात मुक्काम. मोन्ताल्चिनो, पिएन्झा, अशी नावं. सामान गाडीने पुढे जातं, माणूस मागून पळत येतो. माणसाने असं उलटं का करावं, हे मी विचारलं नाही. रस्ते पांढऱ्या खडीचे, कडेला सुरूसारखी उंच झाडं, द्राक्षांचे मळे. भाऊंनी ते रिफायनरीतल्या पाइपलाइनसारखे काढले होते: बाण, अंतरं, उंची, प्रत्येक गावातल्या पाण्याच्या नळाला वेगळी खूण. एका शेताजवळ 'कुत्रा, बहुधा बांधलेला' असंही होतं.

"खोबर ताटासारखं सपाट," ते म्हणाले. "इथला मोठ्यात मोठा चढ म्हणजे पार्किंग. नाहीतर आपला जिना."

"मग घरी खरं का नाही सांगितलं?"

ते कागद सरळ करायला लागले. सुनीतीच बोलली. "सांगितलं असतं तर इटलीला गेला असता का? पहिल्या रजेत बहिणीचं लग्न. मग विहीर. मग घराचे पत्रे, पुतण्याची मुंज, जमिनीची मोजणी. बावीस रजा मोजून दाखवते, भाभी. दादांनी हाक मारली की हा निघतो. नाही म्हणायला येतच नाही त्याला."

"तू जाणार बरोबर?"

"मला शाळा आहे. आणि मला पळायचं नाहीये, झोपायचंय. हा गेला की मी आठ दिवस झोपणार."

वर्षाची एकच रजा, मंजूर झालेली, आता बदलत नाही. परवा देवरुखला गेले की संपली. आणि ते जाणार होते. त्यांच्या खांद्यांवरूनच कळत होतं. कागद एकेक करून गोळा करायला लागले होते. खोटं कशाला बोलू? माझ्या एका फोनने माणसाचे सात डोंगर सपाट केले होते.

"तुमच्या आईंना, आमच्या काकींना, फोन लावा," मी म्हटलं. "मी बोलते."

"तुम्ही नका बोलू!" दोघंही एकदम.

मी लावलाच. स्पीकरवर.

"काकी, मी जोहरा, खोबरहून."

"तूच ना ती हृदयवाली?"

"काकी, चुकलं माझं. त्याचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. शटडाऊनही खोटा. तो इटलीला चाललाय."

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला.

"कशाला?"

"धावायला. डोंगरात."

"मागे कोण लागलंय त्याच्या?"

"कोणी नाही."

"मग पुढे कोण आहे?"

काकी पंचाऐंशीच्या आहेत. मी त्यांची शागीर्द व्हायला हवी होते.

"उमा, आहेस का तिथे?"

"आहे, आई."

"लहानपणी दूध आणायला पाठवलं की टेकडीला वळसा घालून यायचास. अर्धं दूध सांडायचं. मार खायचास तरी उद्या परत तिकडूनच."

"हो."

"गणपतीत आरतीला तुझी जागा रिकामी दिसेल मला."

भाऊ हळूच म्हणाले, "येतो मी, आई. परवाच येतो."

"गप्प बस. मी दिसेल म्हटलं, ये नाही म्हटलं. तुझ्या दादाला सांगते की डॉक्टरने हवापालट सांगितलाय. पण रोज फोन करायचा. धावताधावताच करायचा. मला धाप ऐकू आली पाहिजे. नुसता कुठे बसून आलास तर कळेल मला."

ते गेले. रोज सकाळी काकींना फोन जात होता. बोलणं फार नसे म्हणे, इकडून धाप, तिकडून "पाणी पी, घाई नको." तिसऱ्या दिवशी मागे कुत्राही भुंकला, म्हणजे बांधलेला नव्हता.

चौथ्या दिवशी सुनीतीच्या फोनवर फोटो आला. पांढरा रस्ता, मागे टेकड्यांवर टेकड्या आणि मधोमध आमचे पाइपवाले भाऊ. दोन्ही हात वर, तोंडभर हसू. बावीस वर्षांत समोरच्या दारात मी ते हसू बघितलं नव्हतं. सुनीती बराच वेळ बघत बसली. मीही बघितलं. मग जरा मोठं करून बघितलं.

"सुनीती, हा एकटाच पळतोय ना?"

"हो."

"दोन्ही हात वर आहेत."

"मग?"

"फोटो कोणी काढला?"

"टायमर असतो, भाभी."

"टायमरची सावली पडते का रस्त्यावर? ही बघ. टोपी घातलेली."

सुनीतीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "शेतकरी असेल कुत्र्याचा," म्हणाली आणि झोपायला गेली. खरंच झोपली, घोरणं समोरच्या दारातून येत होतं. मीही ठरवलं की विश्वास ठेवायचा. शेतकरीच असेल.

तेवढ्यात माझा फोन वाजला. देवरुखचा नंबर. काकी अगदी हळू आवाजात बोलत होत्या, बहुतेक दादा शेजारच्या खोलीत असावेत.

"जोहरा, एकटीच आहेस ना गं? उमाने फोटो पाठवलाय. ती टोपी कोणाची?"