एकोणीस मुलींचं एकच मत

रोज संध्याकाळी सात वाजता शामकला मावशी वसतिगृहाच्या व्हरांड्यात यायची आणि मुलींच्या चपला सरळ करायची. एका टोकापासून सुरुवात. वाकून जोडी उचलायची, तळवे एकमेकांवर झटकायची आणि टाचा भिंतीकडे करून ठेवायची, म्हणजे सकाळी घाईत निघणारीचा पाय थेट चपलेत जाईल. तिला अक्षर येत नव्हतं. तिची हजेरी चपलांवर व्हायची.

"निळी सँडल नाई दिसून राहिली. चंचल कोठं गेली वो?"

चंचल खोलीतून ओरडायची, "मावशी, ते तुटली. मी इथंच आहो."

"मंग सांगत जाय नं पोरी. मी गेटवर पाहून आली."

खरी हजेरी घ्यायला वॉर्डनचं पद होतं, पण ते कागदावर. गोंदियाहून एक मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या, सात दिवसांच्या सह्या एका बैठकीत करायच्या आणि चहा न घेता परत जायच्या.

आमचं विद्यापीठ गोंदिया आणि गोरेगावच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. तीन इमारती, एक पाण्याची टाकी, आणि चारही बाजूंनी धानाच्या बांध्या. चारशेच्या आसपास विद्यार्थी होते, पण बहुतेक मोटारसायकलवर येणारे. चार वाजले की गाड्या एकामागे एक निघायच्या, त्यांची धूळ खाली बसायची, आणि मग त्या सगळ्या जागेत उरायच्या एकोणीस मुली, गेटवरचा बिसराम आणि मावशी. टाकी भरून पाणी ओसंडायला लागलं की तिसऱ्या इमारतीपर्यंत ऐकू यायचं. मी एम. ए. मराठीला होते. वर्गात आम्ही तिघी. दोघींची लग्नं झालेली, त्या परीक्षेपुरत्या यायच्या. सर रोज मला एकटीला बघून म्हणायचे, "चला, कोरम पूर्ण झाला," आणि फळ्यावर तारीख लिहायचे. पहिल्या महिन्यात मला याचं हसू यायचं. नंतर तारीख लिहिली जाताना मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मावशी मूळची मुर्रीची. लग्नानंतर दोन वर्षांनी नवरा रायपूरकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. हे ती अगदी साधेपणानं सांगायची, जणू एखादी बस चुकली असावी. मूलबाळ नव्हतं. वीसेक वर्षं तिनं गोंदियाच्या राइस मिलमध्ये काम केलं. मग इथं बांधकाम सुरू झालं तेव्हा मजुरांना पाणी द्यायला आली. भिंती उभ्या राहिल्या, मजूर गेले, ती राहिली. झाडलोट, टाकीची मोटर, वसतिगृहाचं दार, तापलेल्या मुलीच्या कपाळावरची पट्टी, सगळं हळूहळू तिच्याकडे आलं. कुणी दिलं असं नाही. जिन्याखालची खोली तिला मिळाली होती. एक खाट, एक पेटी, आणि भिंतीला टांगलेलं सूप, ज्यात पाखडण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. ती खोली सोडली तर तिला स्वतःचं म्हणावं असं दुसरं दार नव्हतं. मुर्रीचं घर भावांनी कधीच वाटून घेतलं होतं.

सुट्टीत आम्ही घरी जायचो. ती कुठेच जायची नाही.

"एकटी काय करते वो मावशी?" चंचलनं एकदा विचारलं.

"मोटर चालू करतो, बंद करतो."

"दिवसभर?"

"तुमच्या खोल्याईचे दारं उघडून ठेवतो थोडा वेळ. बंद खोलीचा वास येते मंग."

ती स्वतःबद्दल बोलताना कधीकधी पुरुषासारखं 'करतो' म्हणायची. मिलमध्ये हमालांबरोबर राहून लागलेली सवय, असं ती सांगायची.

त्या वर्षी जानेवारीत बाहेरून मूल्यांकनाची समिती येणार होती. भिंतींना रंग लागला, ग्रंथालयाच्या दोन कपाटांची चार झाली, आणि विद्यार्थ्यांकडून अभिप्राय भरून घ्यायचं ठरलं. आधी ते मोबाइलवर भरायचं होतं, पण वसतिगृहात नेटवर्क फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात मिळायचं, म्हणून कागद आले. चौदा प्रश्न खुणा करायचे. पंधरावा असा: 'विद्यापीठातील जीवनाविषयी आपले मत स्वतःच्या शब्दांत लिहा.'

आमच्याकडे अर्ज लिहायची एक रीत आहे. शाळेपासूनची. रजेचा असो, दाखल्याचा असो, एकीनं लिहायचा आणि बाकीच्यांनी खाली बघून उतरवायचा. त्यात कुणाला चोरी वाटत नाही. चूक झालीच तर सगळ्यांची मिळून होते, एकटी कुणी पकडली जात नाही. त्या दिवशीही कागद घेऊन सगळ्या माझ्या खोलीत आल्या.

"तू मराठीवाली आहेस. लिही."

"स्वतःच्या शब्दांत लिहायचं आहे," मी म्हटलं.

"तं तुह्या शब्दांत लिही," चंचल म्हणाली. ती देवरीकडच्या जंगलातल्या गावातून आलेली, नर्सिंगला होती, आणि तिच्यापुढे कुणाचं फार चालत नसे. "आमाले काय पायजे, तुले माहीत आहे."

मग प्रत्येकीनं काहीतरी सांगितलं. पंखा आवाज करतो. दोन शिक्षक अर्ध्या वर्षात सोडून गेले. रविवारी इथं राहिलं की स्वतःचाच आवाज परका वाटतो. एकीनं सांगितलं की आपण आईला फोनवर इथं खूप मजा आहे म्हणून सांगतो, ते लिहू नकोस. हे सगळं लिहिलं असतं तर समितीला आमच्या जगण्याचं खरं काही कळलं असतं. पण आमचं वर्ष विद्यापीठाच्या हातात होतं, आणि मला चांगलं काहीतरी लिहायचं होतं. बाहेर नवीन लावलेली करंजाची रोपं काठीला बांधून उभी होती. मी लिहिलं:

'इथली झाडं अजून लहान आहेत. तोवर सावलीला शामकला मावशी आहेत.'

एरवी तिला आम्ही अगं-तुगंच करायचो. कागदावर 'आहेत' झाली. वाक्य सगळ्यांना आवडलं, आणि एकोणीस कागदांवर एकोणीस अक्षरांत ते उतरलं.

चंचल त्याच संध्याकाळी तिला म्हणाली, "मावशी, तुहं नाव आम्ही कागदावर लिवलं. आता तुले बक्षीस भेटते."

"हट. मले कायले?"

"मोठा हार घालतेत पाहजो. शाल देतेत."

"शाल नोको म्हन. मच्छरदानी दे म्हन."

आठ दिवसांनी तिला ऑफिसात बोलावणं आलं. ती हिरवं लुगडं नेसून गेली, जे तिनं फक्त पोळ्याला आणि लग्नाला काढलेलं आम्ही पाहिलं होतं. केसांना तेल लावलं होतं. आम्ही व्हरांड्यातून तिला जाताना बघत होतो आणि हसत होतो. अर्ध्या तासानं ती परत आली, लुगडं बदललं आणि मोटर चालू करायला गेली.

आत काय झालं ते तिनं त्रोटक सांगितलं, आणि पुढे विद्यार्थी विभागाच्या उमेंद्र सरांकडून आम्हाला पूर्ण कळलं. समितीनं एकोणीस कागद बाजूला काढले होते. शब्दाला शब्द तोच. समितीच्या मते असं एकच कारणानं होतं, कुणीतरी सांगून लिहून घेतलेलं असतं. आणि ज्याचं नाव, त्यानंच. उमेंद्र सरांनी तिच्यापुढे कागद धरले.

"मावशी, ये तुमने लिखवाया क्या?"

कागदावर काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

"मुलींनी लिहिलं आहे तुमच्याबद्दल. तुम्हाला माहीत होतं?"

"हो. सांगतलन मले."

"मग हे बरोबर आहे?"

"पोरीईनं लिवलन तं बराबरच असंल," ती म्हणाली.

ते कबुली म्हणून लिहून घेतलं गेलं. खाली तिचा अंगठा घेतला. फेब्रुवारीअखेर खोली रिकामी करायची, वसतिगृहाचं काम बाहेरच्या एजन्सीकडे जाईल, असा आदेश निघाला.

आम्ही सगळ्या मिळून उमेंद्र सरांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंखा वाढवला, आम्हाला बसायला सांगितलं.

"तो वाक्य मी लिहिलं होतं, सर," मी म्हटलं. घाबरून माझं व्याकरणही चुकलं. "बाकीच्यांनी उतरवलं. मावशीला माहीतसुद्धा नाही काय लिहिलंय."

"हे आधी नाही सांगायचं? रिपोर्ट गया ऊपर." त्यांनी कपाळ चोळलं. "एक करा. प्रत्येकीनं वेगळं निवेदन द्या. अलग अलग, अपने शब्दों में. एकोणीस वेगळी निवेदनं आली तर मी पुढे पाठवतो. तेवढंच माझ्या हातात आहे."

निवेदनं द्यायला पाच दिवस होते. पहिल्याच रात्री जेवणानंतर मुली कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"लिही," त्या म्हणाल्या.

मी समजावलं. यावेळी एकसारखं चालणार नाही, त्यानंच तर हे झालं. प्रत्येकीनं आपापलं लिहा, दोन ओळी लिहा, चुकलं तरी चालेल. त्या कागदाकडे बघत बसल्या. एकीनं 'महोदय' लिहिलं आणि पेन दातात धरलं. बाहेर टाकी ओसंडत होती, मग थांबली, म्हणजे मावशीनं मोटर बंद केली होती.

"आमाले नाही जमत वो," एक म्हणाली. "तू एकोणीस परकारचं लिहून दे नं."

मी खरंच बसले. सात लिहिली. सातही वाचली तेव्हा सगळ्यांतून मीच बोलत होते. मी ती फाडली. आपापलं लिहायचं, असं मी जरा जोरात म्हटलं, तेव्हा काही जणी रुसून उठून गेल्या. पाचव्या दिवशी सरांच्या टेबलावर चार कागद होते. चंचलचा सगळ्यात छोटा: 'मला डेंगू झाला तेव्हा मावशी सहा रात्री झोपली नाही. माझी आई दूर आहे. तिला काढू नका.' सरांनी तो दोनदा वाचला आणि चारही कागद फाइलला लावले.

मावशी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी गेली. सौंदडला तिच्या बहिणीचा मुलगा दुर्गेश असतो, तो पेटी न्यायला आला होता. नवीन बाई दुपारी रुजू झाली, शिकलेली, नीटनेटकी. रजिस्टर रोज भरलं जाऊ लागलं. आम्ही हजेरीला ओळीत उभ्या राहायचो आणि आमचे नंबर पुकारले जायचे. मावशीला मी काय लिहिलं होतं ते सांगायचं राहूनच गेलं होतं. ती जाण्याआधीचे सगळे दिवस माझ्याकडे होते, पण प्रत्येक संध्याकाळी मला वाटायचं, आज नको.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मी गोंदियाहून पॅसेंजरनं सौंदडला गेले. दुर्गेशचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, तिची खाट होती, खाटेखाली पेटी. सून चांगली होती, सगळं वेळेवर देत होती. मावशी खाटेच्या अगदी काठावर बसली होती, पाहुणा बसतो तशी.

"कायले आली वो एवढ्या ऊनात?"

"तुला भेटायला."

"चंचलची परीक्षा झाली?"

"झाली."

जेवण झालं. सून भांडी घासायला गेली तरी मला सांगता आलं नाही. चारच्या गाडीला ती मला सोडायला निघाली, नको म्हटलं तरी. स्टेशनवर एकच बाक सावलीत होता.

"मावशी, कागदावर ते मी लिहिलं होतं. माझ्यामुळं तुझी खोली गेली."

ती रुळांकडे बघत होती. तिनं विचारलं, "काय लिवलं होतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते वाक्य तिला आजवर कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. ऑफिसनं नाही, आम्ही नाही. मी ते म्हटलं. मोठ्यानं म्हणताना ते फार छोटं वाटलं.

"एवढंच होतं?"

"हो."

"मी तं समजली, कायतरी खराब असंल. एवढे मोठे सायब कागद धरून बसले होते." ती पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "आनखी एकदा म्हन बरं."

मी पुन्हा म्हटलं. तिनं ऐकलं आणि मान हलवली. फलाटाच्या पलीकडे कुणीतरी बैलांना पाणी पाजत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी मावशी वारली. दुर्गेशनं फोन केला तेव्हा मी नागपूरला होते. मे महिन्यातल्या त्या दुपारी सौंदडला गाडी वेळेवर आली होती. सिग्नल पडल्यावर ती माझ्याआधी उठली, माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि गाडीच्या दिशेनं बघत म्हणाली, "मांगच्या डब्यात नोको चढजो, तो फलाटाच्या भायेर रायते."