बिब्ब्याची फुली

ये गं, अशी जवळ येऊन बस. कागदावरच का होईना, पण बस. नागपूरच्या हापिसात खुर्ची मिळाल्यापासून तुझे पाय गावाकडे वळत नाहीत. फोन करतेस तोही चालता चालता, निम्मं मला ऐकू येतं आणि निम्मं रस्त्याला. परवा मोठ्या तोऱ्यात म्हणालीस, "आजी, सोलरच्या ट्रेनिंगला कुठल्या गावातून कोणाला घ्यायचं ते आता आम्ही ठरवतो. ग्रामसभेचं एकमत असलं की डोळे मिटून मंजूर."

डोळे मिटून! शहाणी आहेस. आता गुपचूप ऐक. माझं लिहिणं तुझ्या आईच्या पाटीवर शिकलेलं आहे, चुका काढत बसू नकोस.

नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला आपली टोली, एवढीशी वस्ती. तेव्हा विजेचे खांब येऊन उभे होते, पण तारा नव्हत्या. सांज झाली की घराघरात चिमणी. आमच्या कुंपणाला लागून एक बाई एकटी राहायची. नवरा गेलेला, लेकरू नाही. सातवी शिकलेली. कोणाचं लेकरू आजारी पडलं की आपणहून जायची, कपाळावर पट्टी ठेवायची. एका पावसाळ्यात तापानं दोन लेकरं गेली. दोघांच्याही उशाशी ही बसली होती. तेवढ्यावरून कोणीतरी बोडीच्या, आपल्या तळ्याच्या, पाळीवर शब्द टाकला, टोनही. म्हणजे चेटकीण. तो शब्द एकदा अंगावर पडला की धुऊन निघत नाही. त्यानंतर ती बोडीवर आली की बाकीच्या बाया अर्धवट धुतलेली लुगडी उचलून घरी जायच्या.

अशात गोंदियाहून साहेब आले. शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. सोलरचे दिवे दुरुस्त करायचं शिक्षण, सहा महिने बाहेरगावी राहायचं, खर्च सरकारचा, नंतर दिवेही गावाला. बाई एकटी असावी, थोडी शिकलेली असावी, आणि गावानं हात वर करून निवडावी, असा त्यांचा नियम. एरवी फुकटची पत्रावळ वाटली तरी आपल्या लोकांची भांडणं होतात. मला वाटलं, आता सरपंचाची भाची निघेल, पाटलाची सून निघेल. पण सरपंच उठला आणि त्यानं माझ्या या शेजारणीकडे बोट केलं.

"हेच बाई जाईन. कोणाले काही म्हणाचं हाय?"

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. सगळे हात वर. ज्यांची लेकरं गेली त्या दोघी आयांचे हात तर सगळ्यांत आधी. माझ्या मागची म्हातारी हळूच पुटपुटली, "सहा महिने तरी सुखानं झोपू, माय."

साहेब खूश. "अरे वाह! असं एकमत मी अख्ख्या जिल्ह्यात नाही पाहिलं. बहुत बढिया!"

मीही हात वर केला होता. हिचं भलं होईल असं मला खरंच वाटलं होतं.

संध्याकाळी ती कुंपणाशी आली. म्हणाली, "काकी, मले काऊन पाठवून राहिले ते का मले समजत नाही? जाते मी. शिकते. पण मी परत येईन. घर माझं हाय." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

ती गेली. आता गाव निवांत व्हायला हवं होतं ना? पण दिवाळीआधी पाटलाचं वासरू मेलं. कोणाला ती धानाच्या बांधावरून जाताना दिसली, कोणाला बोडीत पाय सोडून बसलेली. मी म्हणायची, "अरे, ते कोसभर नाही, जिल्ह्याबाहेर हाय." तर म्हणत, "तिले कोसाचं काय!" मी दर बुधवारी तिचं घर झाडायला जायची. भर उन्हात. तरी कुलूप काढताना मला वाटायचं, आतून कोणी श्वास धरून उभं आहे. खोटं कशाला सांगू, भीती लोकांची असली तरी कुंपणावरून आपल्या अंगणात उतरते.

ती परत आली ती हातात पेचकस-पक्कडीची पेटी घेऊन. रंग उजळलेला, चाल बदललेली. सरकारचे दिवे आले, तिनं घरोघरी बसवले. छपरावर छोटी काळी प्लेट, घरात दिवा. लोकांनी दिवे घेतले, उजेड कोणाला नको? पण ती पाठमोरी झाली की छपरावर चढायचे आणि प्लेटवर काडीनं बिब्ब्याची फुली काढायचे. दारावर काढतो तशीच, ठसठशीत काळी, तिची नजर आत येऊ नये म्हणून.

बिब्ब्याचा डाग जात नाही, तुला माहीत आहे. फुलीखाली ऊनच पोचेना. दिवे आठ वाजताच मंद व्हायला लागले. मग तेच लोक म्हणाले, "पाहा! हात लावला तिनं, अन् उजेड पिऊन राहिली."

घरात तिला कोणी घेईना. दिवे आणि प्लेटी गुपचूप माझ्या ओसरीवर आणून ठेवायचे. ती तिथं बसून चिंधी तेलात बुडवून एकेक फुली घासायची, नखानं खरवडायची. मी म्हटलं, "सांग ना त्यायले, फुली काढू नका म्हणून." ती म्हणाली, "मी सांगितलं का फुली मोठी काढतीन."

बिब्बा उतला. तिची बोटं फोडांनी भरली, मनगटापर्यंत पाणी धरलं. कुणाच्याही कातडीला बिब्बा लागला तर उतणारच. पण गावानं ते हात पाहिले आणि गावाची खात्री पटली. लेकरू गेलेली एक आई माझ्या तोंडावर म्हणाली, "आमाले कायले उतत नाही, काकी? टोनहीलेच बाधते फुली." तिचे डोळे कोरडे होते. मला तिचा राग येईना. लेकरू कशानं गेलं ते तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग साहेब तपासणीला आले. चांगलं काम दिसलं तर गावातच दुरुस्तीचं केंद्र, तिला कायमचा रोजगार. म्हणजे तिला आपल्या घरात राहता आलं असतं. पुन्हा पडवी, पुन्हा तेच लोक.

"कामावर समाधानी असलेल्यांनी हात वर करा."

एकही हात नाही. माझा तेवढा. मी उभी राहून म्हटलं, "साहेब, छपरावर चढा. प्लेटीवरच्या फुल्या पाहा." साहेब हसले. "माताजी, श्रद्धेचा विषय आहे. आपल्या कागदात फक्त समाधानी किंवा असमाधानी."

केंद्र दुसऱ्या तालुक्यातल्या गावाला गेलं. तिथल्या लोकांनीच शिकवायला तिला बोलावलं. ती गेली, आणि या खेपेला परत येईन म्हणाली नाही. किल्ली मात्र माझ्याकडेच ठेवली.

जाण्याआधी तिनं आपल्या दारावर एक दिवा बसवला. दिवस मावळला की आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. ती प्लेट कोणी हाताळली नाही, फुली काढायला तिच्या छपरावर चढायची हिंमत कोणाची? म्हणून टोलीत सगळ्यांत स्वच्छ उजेड तिच्याच दारात. आता तारा आल्या, घराघरात वीज आहे, तरी सांजेनंतर त्या उजेडातून कोणी जात नाही. दिवा कसा लागतो ते तिनं मला उघडून दाखवलंय. तरी रोज तो लागला की माझा हात कामावर थांबतो. वाटतं, आली. मी कान देऊन बसते.

हल्ली तो पहाटेपर्यंत टिकत नाही. बॅटरी थकली असेल. तू लवकर ये गं. पुढच्या शनिवारीच ये. आपण दोघी त्याच्याखाली चटई टाकून बसू, मी तांदळाची भाकर अन् लाखोरीची डाळ करते. सगळ्या टोलीला दिसेल असं बसू.