चांदणीच्या मागं

मामांच्या हातातली काठी म्हशीच्या पाठीवर पडलेली मी कधी पाहिली नाही. ती यायची माझ्या पोटावर, तीही आडवी. चालता चालता मी जरा पाय उचलला, की रेल्वेच्या फाटकासारखी काठी समोर हजर आणि बाजूनं शांत आवाज, "मास्तर, म्हशीच्या म्होरं जायचं न्हाय."

हे वाक्य मी सात-आठ महिने रोज पहाटे ऐकलं. शाळेत दिवसभर पोरांना गप्प बसवणारा मी, पहाटे एका गवळ्याच्या काठीपुढं गप्प बसायचो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मामा आमच्याच गल्लीत राहायचे. कुणाचे सख्खे मामा होते ठाऊक नाही, पण सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची. पाच म्हशी, गोठ्याला लागून दोन खोल्या, आणि मामी. पहाटे म्हशी रंकाळा तलावावर न्यायच्या, धुवायच्या, परत आणायच्या आणि मग कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची. तुम्ही त्या काळी रंकाळ्यावर पहाटे गेला असाल तर मामांना नक्की पाहिलं असेल. ओळखायची खूण सांगतो. बाकीचे गवळी धोतर मांडीपर्यंत खोचून पाण्यात उतरायचे, आणि हा एकच माणूस घोट्यापर्यंतची विजार घालून तसाच कमरेइतक्या पाण्यात शिरायचा. "मामा, जरा वर करा की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "वाळतीया की."

आता माझ्या गुडघ्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय मामा माझ्या वाट्याला आले नसते.

मी लांब पल्ल्याचा धावणारा. दर माघात आम्ही दहा-बारा जण पंचगंगेच्या घाटावरून निघून जोतिबाच्या डोंगरावर धावत जायचो. ना नंबर, ना बक्षीस. वर पोचलं की गुलाल लावायचा, दुकानाच्या बाकड्यावर बसून चहा प्यायचा आणि एसटीनं खाली यायचं. सात वर्षं मी एकदाही चुकवलं नव्हतं. बायको म्हणायची, लग्नाची तारीख विसराल पण ही विसरणार नाही. खोटं नव्हतं ते.

फुटबॉलशी माझा संबंध बघण्यापुरता. पण आमच्या पेठेत फुटबॉलला नाही म्हणायचं, तर बिऱ्हाड दुसरीकडं हलवायची तयारी ठेवावी लागते. त्या दिवशी आमचा एक गडी तापानं फणफणलेला. कुणीतरी म्हणालं, "मास्तर पळतोय की! उभा करा त्येला कडंला." मी सरळ पळणारा माणूस. फुटबॉलमध्ये मध्येच वळावंही लागतं, हे मला विसाव्या मिनिटाला कळलं. पाय जमिनीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघ्यात काडकन आवाज झाला. मॅच आम्ही जिंकली, हे मला नंतर पोरांनी प्लास्टरवर लिहून कळवलं.

मिरजेला ऑपरेशन झालं. तुटलेला लिगामेंट डॉक्टरांनी शिवला, दोन महिने पाय प्लास्टरमध्ये ठेवला. प्लास्टर कापलं तेव्हा आत माझी मांडी नव्हतीच, दुसऱ्याच कुणा म्हाताऱ्याची होती. डॉक्टर चांगला माणूस. म्हणाले, "चालाल नक्की. धावण्याचं पुढं बघू." तेवढं 'पुढं बघू' घेऊन मी कोल्हापूरला परत आलो. घरी पायाला वाळूची पिशवी बांधून तो वर उचलायचा व्यायाम करायचा, रोज थोडं चालायचं आणि घाई करायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी मी मन लावून केल्या.

तिसऱ्याच आठवड्यात एका पहाटे मी रंकाळ्यावर गेलो, इकडंतिकडं पाहिलं आणि पळायला सुरुवात केली. शंभर पावलं झाली असतील नसतील, गुडघा भोपळ्याएवढा झाला. मी कठड्यावर बसलो. परत उठून घरी जाता येईल की नाही, हेच कळेना.

म्हशी पाण्यातून वर येत होत्या. मामा माझ्यासमोर थांबले. काही न विचारता वाकले आणि पंजाची उलटी बाजू माझ्या गुडघ्याला लावली. म्हशीच्या कासेला ताप आहे का, हे ते असंच बघायचे.

"गरम हाय," ते म्हणाले. "कोण लागलंय मागं?"

"कुणी नाही."

"मग पळालाईसा कशाला?"

मी जोतिबाचं सांगितलं. माघाला अजून दहा महिने आहेत, पण असं बसून राहिलो तर संपलंच, असं काहीबाही बडबडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या एका म्हशीकडं काठी केली. "ही चांदणी. उद्यापास्नं हिच्या मागं चालायचं. ही जेवढी चालंल तेवढंच. ही थांबली की थांबायचं. म्हशीच्या म्होरं जायचं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघू लागली. पुढं पाच म्हशी, मागं मी, माझ्या शेजारी मामा. तुम्ही कधी म्हशीच्या चालीनं चालून पाहिलंय? दहा पावलांत जीव कंटाळतो. ती मध्येच उभी राहते. कुंपणाचा पाला तोंडात धरून विचार करत बसते. शेपटी वर झाली की दोन पावलं मागं सरायचं, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. धोतर धुताना बायकोनं सांगितलं.

शाळेत बातमी पोचायला दोन दिवस लागले. फळ्यावर म्हशीचं चित्र निघालं, आणि तिच्या मागं चष्मा लावलेला माणूस. चित्र बरं होतं, मी पुसलं नाही. हेडमास्तरांनी मात्र बोलावून घेतलं. "घरी काही अडचण आहे का? जोडधंदा वगैरे?" त्यांनी काळजीनं विचारलं. मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांना ते म्हशींच्या जोडधंद्यापेक्षा पटायला अवघड वाटलं असावं.

रोज निघण्याआधी मामांचा हात गुडघ्याला लागायचा. "गार हाय, चला." किंवा "कोमट हाय, आज निम्मं." निम्मं म्हणजे तळ्यातल्या जुन्या दगडी संध्यामठापर्यंत जाऊन तिथं बसायचं आणि म्हशी परतेपर्यंत वाट बघायची. शेवटी कट्ट्यावर पितळी पेल्यात धार काढून तो फेसाळ पेला माझ्या हातात द्यायचे आणि मी संपवेपर्यंत समोर उभे राहायचे. मला दूध आवडत नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वैशाखात मामा भाचीच्या लग्नाला कुरुंदवाडला गेले. चार दिवस म्हशी मामींनी बघितल्या. काठी आडवी घालणारं कुणी नव्हतं. पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखा वागलो. तिसऱ्या दिवशी चांदणीच्या शेजारून पुढं गेलो आणि तळ्याकाठच्या टॉवरपर्यंत पळत सुटलो. काय सांगू तुम्हाला, वारा कानाला लागत होता, मी मोठ्यानं हसत होतो. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठायला गेलो तर गुडघा वाकेना.

मामा लग्नाचा लाडू घेऊन घरी आले. मला बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. लाडू खाली ठेवून ते माझ्या कॉटशेजारी बसले, हात लावला. मी शिव्या खायच्या तयारीत होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "गुडघा तुमचा हाय. गडबड कुणाची हाय?"

मला रडू आलं. तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, हातात लाडू घेऊन रडलो. मामांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि माझं आवरेपर्यंत छताकडं बघत बसले. जाताना म्हणाले, "पंधरा दिस झोपा. चांदणी कुठं जात न्हाय."

पावसाळा आम्ही घोंगडी पांघरून चालण्यात घालवला. श्रावण संपता संपता एक गोष्ट झाली. चांदणी व्यायली होती, रेडकू गोठ्यात बांधलेलं असायचं. परतताना आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर आलो की ते रेडकू ओरडायचं, आणि जगातली सगळ्यात आळशी म्हैस एकदम धावत सुटायची. त्या दिवशी ती धावली. मी सवयीनं थांबलो. काठी आली नाही.

"बघालाईसा काय?" मामा म्हणाले. "पळा की तिच्या मागं!"

कोपऱ्यापासून गोठ्यापर्यंत चाळीस पावलं. मी पळालो. चांदणीच्या मागं, शेण चुकवत, एका हातानं चष्मा धरून. गोठ्यात पोचलो तेव्हा ती रेडकाला चाटत होती आणि मी दाराला धरून धापा टाकत होतो. मामा बऱ्याच वेळानं सावकाश आले, गुडघ्याला हात लावला. "गार हाय," म्हणाले. पुढं रोज ती चाळीस पावलं माझी झाली. मग त्यांनी रेडकूच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बांधायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी ते त्याहून लांब, शाळेच्या भिंतीपाशी. माझी धाव वाढत होती, ती एका रेडकाच्या भुकेवर.

दिवाळी आली. आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधायचा. मालक हाका देत पुढं पळतो आणि म्हैस दाव्याशिवाय त्याच्या मागं पळत येते. ज्या माणसाचा वास आणि आवाज तिच्या ओळखीचा, त्याच्याच मागं ती येते. मामांच्या म्हशी दरवर्षी सजायच्या, पण पळायच्या नाहीत. दारात उभ्या राहायच्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात गेलो. मामी चांदणीच्या शिंगांना तेल चोळत होत्या. मी सहज विचारलं, "मामा हिला पळवत का नाहीत?"

मामींचा हात थांबला. "त्येंच्या गुडघ्याचं तुमास्नी ठावं न्हाय व्हय?" म्हणाल्या. "तरणेपणी ह्याच शर्यतीत म्हशीच्या म्होरं पळताना पडलं. हाडवैद्यानं बांधून दिलं हुतं, महिनाभर हलायचं न्हाय म्हणून सांगितलं हुतं. ह्येंनी चौथ्या दिशी सोडलं आन् दुसऱ्या पेठेत म्हस पळवायला गेलं. तवापास्नं त्यो गुडघा वाकडाच. कुणी बघू नये म्हणून विजार घालत्यात. आन् म्हशीच्या चालीनं चाललं की लंगडणं दिसत न्हाय."

मी गोठ्यात उभा राहिलो. सात महिने मी त्यांच्या शेजारून चाललो होतो. मला वाटायचं, माझ्यासाठी ते सावकाश चालतात. एकदाही त्यांच्या पायाकडं नीट बघितलं नव्हतं. स्वतःची मला फार लाज वाटली.

पाडव्याच्या दिवशी गल्ली माणसांनी भरली होती. मी मागं उभा होतो. मामा चांदणीला घेऊन आले, तिच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि गर्दीतून थेट माझ्यापुढं आले. पोटाला काठी लागायची मला सवय होती. पण मामांनी ती खाली जमिनीवर टेकली.

"मास्तर, आज म्होरं."

"मामा, ती माझ्यामागं येईल का?"

"सात म्हैनं तुमी तिच्या मागं हाईसा. तिला काय वळख न्हाय व्हय तुमची? हाक द्या की!"

मी हाक दिली. आवाज चिरकला, लोक हसले. "चांदणेऽऽ!" मी पुन्हा ओरडलो आणि पळालो. मागं बघायची हिंमत नव्हती. आधी काही ऐकू आलं नाही, मग घुंगरं वाजली. ती येत होती. माझ्या पाठीवर तिचा श्वास येत होता, गल्ली ओरडत होती, गुडघा दर पावलाला साथ देत होता. मी शाळेच्या भिंतीपाशी थांबलो, तर तिनं ओलं नाक माझ्या पाठीत खुपसलं.

मी वळून पाहिलं. मोकळ्या झालेल्या रस्त्यानं मामा येत होते. पुढं म्हैस नव्हती. सगळ्यांच्या देखत, चांगले लंगडत, भराभर येत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आल्या आल्या वाकून त्यांनी आधी माझ्या गुडघ्याला हात लावला.

माघात मी जोतिबाला पोचलो. सगळ्यांत शेवटी पोचलो, शेवटचा चढ तर जवळजवळ चालतच. माझ्यासाठी बाकीचे तीन-तीन चहा पिऊन थांबले होते. परत आल्यावर मामांच्या कपाळाला गुलाल लावला. "कुणाच्या म्होरं गेला न्हाईसा न्हवं?" त्यांनी विचारलं. "एकाच्याही नाही," मी म्हणालो. ते खूश झाले.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी, थंडीत, मामा गेले. झोपेतच गेले. चौथ्या दिवशी पहाटे मी गोठ्याशी गेलो, तर मामी म्हशी सोडत होत्या. चांदणीही तोवर राहिली नव्हती. पुढं तिची लेक होती, कपाळावर तोच ठिपका. मामी म्हणाल्या, "मास्तर, तेवढं रंकाळ्यापातुर जाता का संगं?"

त्या दिवशी गुडघा गार होता, रस्ता रिकामा होता, आणि मला पुढं जाऊ न देणारं कुणी नव्हतं. मी म्हशीच्या मागं चालत राहिलो. ती थांबली तिथं थांबलो. येताना कोपऱ्यावर आलो, आतून रेडकू ओरडलं, ती पळाली, आणि मी तिच्या मागं पळालो.