तासाभरातली जागा

बायकोचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे रविवार-सोमवार तेवढे आमचे. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने काही मागितलं नव्हतं. आता मागितलं ते हे: एकदा तंबूत राहायचं, चांदण्या दिसतील अशा ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, "जा की. पण सेंटरपासून तासाभराच्या आत. आणि पाणी तिथेही मोजूनच." घरी ती मोजून पिते, म्हणून तिच्यासमोर मी पाणी पिणंच सोडलंय.

आम्ही कामोठ्याचे. नकाशाची प्रिंट काढून मी त्यावर कढईचं झाकण ठेवलं आणि पेन्सिल फिरवली. त्या गोलात विमानतळ, खाडी, दगडखाणी, हायवे आणि टॉवरच टॉवर. चांदण्या सोडून सगळं होतं.

पाणी, पार्किंग, शेजार बघितल्याशिवाय फ्लॅटचं टोकन न देणारा माणूस मी. कॅम्पही तसाच बघायला लागलो, दर रविवारी स्कूटरवरून, घड्याळ लावून. पहिल्या जागी तंबूंच्या मधोमध डीजेचे स्पीकर. दुसरीकडे मालकाने विचारलं, "कपल की फॅमिली?" मी म्हटलं, "पेशंट." त्याचं बुकिंग लगेच फुल झालं. तिसरीकडे फोनला रेंजच नाही. घरी येऊन मी तिच्यावरच खेकसायचो, काय एकेक हौस लोकांना! ती ऐकून घ्यायची. त्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या रविवारी जागा सापडली. चौक गावाच्या पुढे एका शेतकऱ्याचा माळ, कडेला आंबा, खाली धरणाचं पाणी. जायला बरोबर पंचावन्न मिनिटं लागली. शेतकऱ्याच्या बायकोने विहिरीचं पाणी तांब्याभर आणून दिलं. तंबूचं तोंड कुठे करायचं तेसुद्धा मी आंब्याखाली उभं राहून ठरवून टाकलं. फार दिवसांनी खूश होतो.

संध्याकाळी परत निघालो आणि अडकलो. लोणावळा, कर्जत, सगळीकडून मुंबई घरी चालली होती. स्कूटर असूनही अडीच तास. पनवेलच्या अलीकडे एक अँब्युलन्स सायरन वाजवत जागच्या जागी उभी होती. तिला बाजूने ओलांडून मी पुढे आलो. आम्ही तिथे राहणार तेही रविवारीच.

"कशी होती जागा?" तिने दारातच विचारलं.

"बेकार. नुसता कचरा."

मी खुर्चीत बसलो. ती खाली बसली आणि माझ्या पँटला चिकटलेली कुसळं एकेक करून काढायला लागली.

"चांगली होती ना?"

"हो."

"परत यायला किती लागले?"

"अडीच तास."

ती कुसळं पेपरवर ठेवत राहिली. मग तिने विचारलं, "पाणी कसं होतं तिथलं?"

"विहिरीचं. गार. दोन घोट घेतले फक्त. सवयच राहिली नाही आता."

"दोन घोट कसले? पोटभर प्यायचं होतंत हो," ती म्हणाली.