जैनांच्या घरी कांद्याची गोणी

नाशिकला मी इतक्या वेळा गेले आहे की कुठल्या खेपेबद्दल लिहावं असा प्रश्न पडायला हवा. पण पडत नाही. कुणी विचारलं की मला एकच खेप आठवते, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, वडिलांबरोबर एसटीने केलेली. तेव्हाचं तिकीट सांगून तुमचा काही फायदा नाही, तेवढ्यात आता चहासुद्धा येत नाही. रस्ता मात्र अजून तोच आहे, आणि ज्या कारणासाठी आम्ही गेलो ते कारणही जुनं झालेलं नाही.

मी देवळ्याला शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. नाशिकला सर्वधर्म मेळावा भरणार होता आणि आमच्या शाळेतून कुणीतरी जावं असा निरोप आला. मेळाव्याची एक गंमतीची अट होती. बाहेरगावच्या पाहुण्याने रात्रीचा मुक्काम आपल्या धर्माच्या घरी करायचा नाही. बाकीच्या शिक्षकांना ऐन वेळी घरची कामं आठवली. मी हात वर केला. माझं नाव एका जैन कुटुंबाकडे लागलं.

घरी सांगितल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "परक्याच्या घरी एकटी पोर जाणार नाय. मी येतो."

त्यात धर्माबिर्माचा काही संबंध नव्हता. खरं तर आबांना त्या दिवसांत घराबाहेर पडायला काहीही कारण चाललं असतं. आमच्या आणि नामदेवकाकांच्या मळ्याची विहीर एकच, मोटर एकच, आणि पाणी पाळीने. तीन वर्षांपूर्वी काकांनी आबांच्या पाळीत पाणी घेतलं, तेव्हा आबांनी रागाने मोटरचे फ्यूज काढून खिशात घातले आणि दोन दिवस दिले नाहीत. ऐन उन्हात काकांचा उभा कांदा करपला. तेव्हापासून सख्ख्या भावांचं बोलणं बंद. आता काकांच्या मंदाचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर. आबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "नामदेव धाकटा हाय. तो पाया पडायला आल्याशिवाय मी त्याच्या मांडवात पाय ठेवणार नाय." मंदा माझ्याएवढीच, आम्ही एका पाटीवर शिकलेल्या. मोठा चुलता मांडवात नसला तर नवरदेवाकडचे काय म्हणतील, या काळजीने ती वाळून चालली होती. मला म्हणाली होती, "सुमन, तू काहीतरी कर." मी काय करणार? आबांना उलटून बोलायची माझी टाप नव्हती.

गणपतीचे दिवस होते. सकाळी देवळ्याच्या स्टँडवर बस लागली आणि आबा शिडीवरून टपावर चढताना दिसले, खांद्यावर अर्धी भरलेली गोणी.

"आबा, हे काय?"

"कांदा. मळ्यातल्या चाळीतला निवडून आणलाय. लोकांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं का?"

"ते जैन आहेत. ते कांदा खात नाहीत, असं ऐकलंय मी."

आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आपला कांदा मार्केटात कोण घेतं? मारवाडी शेठच घेतो ना? ट्रक भरभरून घेतो. अन म्हणे खात नाय."

मी खिडकीपाशी बसले. देवळ्याहून नाशिकला जाणार असाल तर भावडबारीचा घाट येईपर्यंत झोपू नका, विशेषतः भाद्रपदात. डोंगर इतके हिरवे असतात की डोळ्यांना गारवा वाटतो. चांदवडला बस बराच वेळ थांबते, तिथे भजी बरी मिळतात. मग आग्रा रोडला लागलं की पिंपळगाव, ओझर आणि नाशिक. उतरल्यावर आबांनी आधी मिसळ खाल्ली, वर कच्चा कांदा दोनदा मागून घेतला आणि तो आपल्या कांद्यापुढे काहीच नाही असा निकाल देऊन टाकला. मग गोणी टांग्यात टाकून आम्ही रविवार कारंजाकडे निघालो.

यजमान दीपचंदजी ऐंशीच्या घरातले होते, कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांनी ओट्यावर येऊन आमचं स्वागत केलं. मागे त्यांच्या सूनबाई, विमलभाभी. आबांनी गोणीचं तोंड सोडलं आणि दोन टपोरे कांदे काढून भाभींच्या पुढे धरले. "उन्हाळ कांदा हाय, चाळीतला. डोळ्याला लागत नाय."

भाभींचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. कारण असं होतं की आदल्याच दिवशी त्यांची संवत्सरी झाली होती, वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. विमलभाभींनी आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपास केला होता आणि त्याच सकाळी तो सोडला होता. ज्या स्वयंपाकघरात बारा महिने कांदा जात नाही, तिथे आम्ही अशा दिवशी अर्धी गोणी घेऊन पोचलो होतो. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दीपचंदजी हसले. त्यांनी आबांच्या हातातला कांदा घेतला, वळवून पाहिला, आणि म्हणाले, "माल एक नंबर आहे. पण आमच्या घरात जमिनीखालचं काही शिजत नाही हो. याला इथे ओट्यावर बसू द्या. उद्या मेळाव्याच्या स्वयंपाकात देऊ."

आबा गोरेमोरे झाले. जेवायला बसलो तेही दिवस मावळायच्या आधी, कारण तिथे सूर्यास्तानंतर जेवण नाही. गट्ट्याची भाजी, कढी, गरम फुलके आणि मुगाची डाळ. आबा हळूच मला म्हणाले, "कांद्याबिगर भाजीला चव आली कशी?" त्यांना याचं खरंच आश्चर्य वाटत होतं. मग ते तीन फुलके जास्तीचे जेवले.

जेवणानंतरचं जे घडलं ते मी नीट सांगते, कारण ही सगळी खेप मला त्यासाठीच आठवते. विमलभाभी हात पुसत बाहेर आल्या, सासऱ्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "वर्षभरात माझ्याकडून मनाला काही लागलं असेल तर माफ करा." मला वाटलं, सुनेने करायची रीत असेल. पण पुढच्याच क्षणाला तो म्हातारा माणूस गुडघ्यावर हात टेकत उठला आणि सुनेला हात जोडून तेच म्हणाला. वर म्हणाला, "दिवाळीत पाहुण्यांपुढे तुला बोललो होतो. ते चुकलं." भाभींनी मान खाली घातली. आणि मग दीपचंदजी आबांकडे वळले, हात तसेच जोडलेले.

"तुमचीही माफी. एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू घरात घेता आली नाही."

आबा ताडकन उठून उभे राहिले. "अहो शेठजी, असं करू नका. तुम्ही मोठे. मोठ्याने कशाला हात जोडायचे?"

"मोठ्यानेच आधी जोडायचे," दीपचंदजी खाली बसत म्हणाले. "धाकट्याला यायला भीती वाटते. आपण आधी गेलो की त्याची भीती जाते."

रात्री अंथरुणावर पडल्यावर आबा कितीतरी वेळ आढ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपचंदजी म्हणाले, "एक घर राहिलंय, येता का बरोबर?" आम्ही दोघंही गेलो. दोन गल्ल्या ओलांडून एका दुकानापाशी आलो. मालक दाराच्या फळ्या काढत होते. हे दीपचंदजींचे जुने भागीदार. पुष्कळ वर्षांपूर्वी दुकानाची भागीदारी मोडताना दोघांचं बिनसलं होतं. दीपचंदजींनी रस्त्यात उभं राहून हात जोडले आणि संवत्सरीला माफी मागताना म्हणतात ते म्हणाले, "खमतखामणा. माझं चुकलं असेल तर माफ करा." त्या गृहस्थांनी पाहिलं, "बरं," म्हणाले, आणि पुढची फळी काढायला लागले. झालं. आम्ही परत फिरलो.

आबांना राहवलं नाही. "तो तर धड बोललापण नाय."

"दर वर्षी असंच," दीपचंदजी म्हणाले. "मी मागायचं काम करतो. द्यायचं काम त्याचं. आधी तर तो आत निघून जायचा. आता बरं तरी म्हणतो."

मेळावा पंचवटीत एका शाळेच्या पटांगणात होता. आम्ही गोणीसकट पायी निघालो, गाडगे महाराज पुलावरून गोदावरी ओलांडली. तुम्हीही जमलं तर हे अंतर चालतच जा, सकाळी घाटावरची भाजी आणि फुलं मांडली जात असतात ते बघण्यासारखं असतं. मांडवामागे स्वयंपाक चालला होता, कांद्याचा एका बाजूला आणि बिनकांद्याचा दुसऱ्या बाजूला. कांद्याच्या बाजूला जुन्या नाशकातल्या रझियाआपा नावाच्या शिक्षिका बसल्या होत्या. गोणी बघून त्यांना इतका आनंद झाला की आबांचा कालपासून पडलेला चेहरा खुलला.

"भाऊ, क्या कांदा है! कुठला?"

"देवळ्याचा. आमच्या मळ्यातला," आबा म्हणाले आणि विळी ओढून स्वतःच चिरायला बसले. त्यांना घरी कधी पाण्याचा तांब्या उचलताना मी पाहिलं नव्हतं. रझियाआपा सांगत होत्या की ईदला गळाभेट घेताना मागचा हिशेब मनात ठेवला तर ती भेट नुसती कपड्यांची होते. आबा ऐकत होते आणि चिरत होते.

भाषणं पुष्कळ झाली आणि खरं सांगायचं तर बरीचशी एकसारखी. कीर्तनकारबुवा गोड बोलले, मौलवीसाहेब शांत बोलले, शरणपूरहून आलेल्या पाद्रींनी एक प्रार्थना म्हटली ती मला आवडली. पण मांडव खरा जागा झाला तो साळवे सरांच्या वेळी. ते नाशिकरोडच्या एका वसाहतीत राहणारे बौद्ध शिक्षक. ते माईकसमोर आले आणि म्हणाले, "इथं सगळेच धर्म छान बोलतात. मला एवढंच विचारायचंय, गावाकडं विहिरीपाशी आपण कसे वागतो? माझी आई तासन् तास विहिरीच्या कठड्याबाहेर उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. पाणी दिसत असायचं. हात लावायचा नाही. मला तथागतांची शिकवण विचाराल तर मी तिथून सुरुवात करतो."

मांडवात चुळबुळ झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणी नाही. मी आबांकडे पाहिलं तर त्यांची मान खाली होती.

जेवणाच्या पंगतीत ते मुद्दाम साळवे सरांच्या शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "सर, मी सख्ख्या भावाचं पाणी तोडलंय."

साळवे सर त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी उपदेश केला नाही. "अजून तुटलेलंच आहे का?" एवढंच विचारलं.

"पाणी चालू हाय. बोलणं नाय."

"मग तेवढंच राहिलंय," सर म्हणाले आणि वाढणाऱ्याला हाक मारून त्यांनी आबांच्या पानात भात वाढायला लावला.

दुपारच्या बसला दीपचंदजींच्या घरून डबा आला, दशम्या आणि लोणचं. आबांनी तो चांदवडपर्यंत मांडीवरच धरला होता. देवळ्याच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरलो. अजून उजेड होता. बांधावर दोन वाटा फुटतात, डावी आमच्या घराकडे, उजवी काकांच्या. आबा उजवीकडे वळले. मी मुकाट्याने मागे.

काका अंगणात कांदा निवडत होते. आबांना बघून त्यांचा हात थांबला. आबा उभ्यानेच बोलले, घरच्या अहिराणीत, "नामदेव, मन्हं चुकनं. फ्यूज काढाले नको व्हतं."

आणि त्यांनी हात जोडले. मोठ्या भावाने, धाकट्याला. काकू दारात आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. काका खाली मान घालून पुन्हा कांदा निवडायला लागले. काकूंनी पाणी आणलं, आबा ते प्याले आणि आम्ही निघालो. मला रडू येत होतं. मी म्हटलं, "आबा, काका बोललेच नाहीत."

"माझं काम मागायचं," आबा म्हणाले. दोन दिवसांत एवढं शिकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

काका आले ते थेट लग्नाच्या दोन दिवस आधी. ओट्याच्या खालीच उभे राहिले आणि म्हणाले, "मांडवडहाळे आणाले तुन्ही गाडी जुप." आमच्याकडे मांडवावर घालायच्या डहाळ्या घरातल्या मोठ्याच्या बैलगाडीतून येतात. आबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि बैल जुंपायला धावले. मंदाच्या लग्नात सगळ्यांत जास्त मिरवलं कुणी असेल तर आमच्या आबांनी.

तुम्ही नाशिकला गेलात तर मिसळ खा, गोदाकाठी फिरा, आणि कुणा जैनांच्या घरी उतरणार असाल तर कांदा नेऊ नका. हे सगळं कुणीही सांगेल. मी आणलं ते वेगळंच. त्यानंतर दर वर्षी ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही नाशिकहून परतलो त्या तिथीला, आबा काकांच्या अंगणात जायचे, हात जोडायचे, चहा पिऊन यायचे. आम्ही जैन झालो नाही. कांदा तर आम्ही आजही पिकवतो आणि खातो. पण तो एक दिवस आमच्या घरात राहिला.

शेवटच्या वर्षी आबांना पलंगावरून उठवत नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून ते दाराकडे बघत होते आणि मला म्हणत होते, मला धरून ने. दुपारी काका स्वतःच आले, काठी टेकत. आबांनी उशीवरूनच हात जुळवायला सुरुवात केली. काकांनी ते हात आपल्या हातांत धरून खाली ठेवले.

"थांब," ते म्हणाले. "औंदा मी पहिले."